एक्सचेंजच्या इंदुबाई

इंदुबाई इंगळे एकदा चिखलीच्या बसस्टँडवर स्वतःच्या जावयाला ओलांडून पुढे गेल्या. जावई हातात पिशवी घेऊन उभा, तोंडावर हसू. आणि ह्या त्याच्याकडे एकवार पाहून, कुणीतरी पोरगा उभा आहे अशा थाटात पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. जावयाला राग आला. लग्नातल्या मानपानाचं काही राहून गेलं होतं की काय, इथपर्यंत त्याचं मन जाऊन आलं. शेवटी तो त्यांच्या मागे येऊन नुसता खाकरला. इंदुबाई मान न वळवताच म्हणाल्या, "या जावईबापू. सर्दी झालेली दिसते."

हे मला खुद्द जावयानंच सांगितलं, आणि सांगताना त्याचा राग कधीच ओसरलेला होता. इंदुबाईंना चेहरे लक्षात राहत नसत. आवाज मात्र एकदा कानात गेला की कायमचा.

मी चिखलीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी मधल्या भिंतीवरून हाक मारली, "काकू, नळ कधी येतो हो?" आतून उत्तर आलं, "सकाळी. पण तुमी लोणारकडच्या ना?"

मी चकित झाले. "हो, सुलतानपूरची."

"वाटलंच. तुमच्या तिकडचे लोक सवाल करताना आवाज आधी खाली बसवतात, मंग उठवतात."

त्या संध्याकाळी मी खोलीत एकटीच "नळ कधी येतो हो" असं म्हणून म्हणून पाहत होते. मला काही फरक कळला नाही.

इंदुबाई अंगानं बारीक, काळ्यासावळ्या, चालायला भलत्याच चपळ. डोक्यावरून पदर घेत, पण उजवा कान नेहमी उघडा. तो कान त्यांचा कामाचा कान. ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात एक मुलगी. तेव्हा त्यांना टेलिफोन एक्सचेंजात नोकरी मिळाली होती. फोन लावायचा म्हणजे आधी एक्सचेंजातल्या बाईला नंबर सांगायचा आणि मग तिनं समोरच्या पाटीवरच्या भोकात तार खुपसून जोडून द्यायचं, तो काळ. देऊळगाव राजाच्या व्यापाऱ्याला जालन्याचा भाव हवा, चिखलीच्या डॉक्टरला बुलढाण्याचं हॉस्पिटल हवं, की मधे इंदुबाई. तालुक्यातल्या अर्ध्या माणसांना त्या आवाजानं ओळखत आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या बायकांना ह्या गोष्टीचं फार कुतूहल. पापड लाटताना एखादी विषय काढायचीच. "काकू, तुमी तं अख्ख्या तालुक्याच्या भानगडी ऐकल्या असतीन!"

"जोडून दिलं," इंदुबाई म्हणत. "ऐकलं नाही."

"असं कसं होईन बाप्पा? थोडं तं ऐकलंच असन."

"लाटणं दे इकडे. पापड जाड होऊन राह्यला."

त्यापुढे कुणाचंही काही चालत नसे. गावातल्या किती घरांची किती गुपितं त्या पोटात घेऊन बसल्या होत्या, देव जाणे.

पुढे आपोआप लागणारे फोन आले, ती पाटी गेली, आणि इंदुबाईंना बिलाच्या खिडकीत बसवलं. समोर माणसं दिसत आणि ती सगळी चिडलेली असत. तिथं त्यांचं मन रमलं नाही. संधी मिळाली तशी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दुसरी एखादी बाई देवधर्माला लागली असती. ह्यांना कुणीतरी सांगितलं की हौस म्हणून वायरलेसवर बोलण्याचा सरकारी परवाना मिळतो, पण परीक्षा द्यावी लागते. इंदुबाई पुस्तक आणून बसल्या. नागपूरला परीक्षेच्या हॉलबाहेर शिपायानं त्यांना सांगितलं, "मावशी, पोराले आत सोडा आन् तुमी तिकडे सावलीत बसा." त्या वर्षी त्या नापास झाल्या. पुढच्या वेळीही झाल्या. मी एकदा विचारलं, की तेव्हा सोडून द्यावंसं वाटलं नाही का?

"काऊन सोडू? दोनदा पेपर पाह्यला. आता पेपर मले वळखत होता."

तिसऱ्या खेपेला परवाना आला. छतावर लोखंडी पाइप उभा राहिला, त्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांची एरियल. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर वायरलेसचा सेट, आणि त्याशेजारी त्यांचा विशेष लाडका स्कॅनर. स्कॅनर म्हणजे नुसतं ऐकणारं यंत्र. त्यातून बोलता येत नाही. तो एकामागून एक चॅनेल चाळत राहतो, आणि जिथं कुणी बोलत असेल तिथं थांबतो. इंदुबाई भाकरी थापता थापता त्याची खरखर ऐकत असत. मला ती खरखर डोक्यात जायची. एकदा मी म्हटलं, "काकू, हे बंद करा ना थोडा वेळ."

"खरखर हाये म्हणजे लाइन जित्ती हाये," त्या म्हणाल्या. "मुकी लाइन असली की भ्यावं."

हे वाक्य त्या माणसांनाही लावत. समोरच्या घरात नवराबायकोचं भांडण जुंपलं की गल्ली हळहळायची, आणि इंदुबाई शांतपणे म्हणायच्या, "खरखर हाये ना? मंग काय फिकीर नाही."

आता जत्रेचं सांगते. चिखलीहून देऊळगाव राजाच्या रस्त्यानं निघालं की एक फाटा आत जातो. तिथं इंदुबाईंचं माहेर, आणि तिथल्या देवीची चैत्रात मोठी जत्रा भरते. बुलढाण्याकडून, जालन्याकडून माणसं येतात. एके वर्षी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. दुपारभर लाउडस्पीकरवर एक सूचना चालली होती: एक म्हातारे गृहस्थ सापडले आहेत, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, कुणाचे असतील त्यांनी मंडपात यावं. जत्रेत निम्मे म्हातारे पांढऱ्या धोतरातले. कुणी आलं नाही. मंडपात गर्दी आणि गोंधळ. त्यात ते आजोबा कधी उठून चालू लागले, कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते लांब एका शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, पडलेले सापडले. ऊन लागलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

मागाहून कळलं की त्यांचा मुलगा जत्रेतच होता आणि सूचना त्यानंही ऐकली होती. पण त्याचे वडील घरून निघाले ते अंगात निळं जाकीट घालून. उकडलं म्हणून त्यांनी ते कुठंतरी काढून ठेवलं असणार. हे वर्णन आपल्या बापाचं आहे, असं त्याला वाटलंच नाही.

आठवडाभर इंदुबाईंनी वायरलेसचा सेट लावला नाही. स्कॅनरसुद्धा बंद. मग एके सकाळी भिंतीवरून हाक आली.

"वर्षा, त्या म्हाताऱ्यानं मंडपात दोन शब्द बोलले असतीन का नाही?"

"बोलले असतील."

"मंग ते दोन शब्द लाउडस्पीकरवर टाकाले पाह्यजे होते. धोतराचं काय सांगत बसले? पोरानं बापाचा आवाज वळखला नसता काय?"

तिथून सगळं सुरू झालं. जत्रेच्या चार टोकांना, म्हणजे एसटीच्या थांब्यावर, विहिरीपाशी, गाड्या लावतात त्या वावरात आणि देवळामागे, गावातल्या बचत गटाच्या बायका बसवायच्या. त्यांच्या हातात परवाना लागत नाही असे छोटे वॉकीटॉकी द्यायचे, प्रत्येकीचा चॅनेल वेगळा. मंडपात स्कॅनर चारी चॅनेल ऐकत राहील. आणि स्कॅनरमधून निघालेला आवाज थेट लाउडस्पीकरच्या मिक्सरमध्ये घालायचा, म्हणजे हरवलेलं माणूस जिथं सापडलं तिथंच सावलीत बसून बोलेल आणि सगळ्या जत्रेला ऐकू येईल. मंडपापर्यंत त्याची फरफट नको. पोलीस ठाण्यात जाऊन त्या रीतसर सांगून आल्या. बचत गटातली रेखा लगेच तयार झाली, तिनं बाकीच्या जमवल्या.

आडवा आला तो मिक्सर. म्हणजे मिक्सरचा मालक.

गजानन साउंडवाला पंचक्रोशीत प्रसिद्ध. कुणाच्याही लग्नात, जत्रेत, सभेत आवाज त्याचा. त्याच्या मिक्सरवर लाल मखमलीचं झाकण असे आणि दसऱ्याला त्याला झेंडूची माळ. एकदा कुणा नाचणाऱ्या पाहुण्यानं आपला मोबाइल परस्पर त्यात खुपसला होता आणि ऐन वरातीत ॲम्प्लिफायर जळाला होता. तेव्हापासून गजानन आपल्या मशीनला सख्ख्या भावालाही हात लावू देत नव्हता.

आम्ही दुकानात गेलो. इंदुबाईंनी पिशवीतून स्कॅनर काढून काउंटरवर ठेवला आणि बेत सांगितला. गजाननानं स्कॅनर बोटानं लांब सरकवला.

"काकू, तुमी वॉकीटॉकी माइकसमोर धरा ना. तार काऊन पाह्यजे?"

"धरून पाहू."

धरून पाहिलं. दुकानाबाहेरच्या कर्ण्यातून अशी शिट्टी निघाली की समोरच्या चहावाल्याच्या हातून कप सुटला. शिट्टी थांबली तेव्हा रस्त्यावरचा ट्रक, कुत्रं, गजाननाचा खोकला, सगळं ऐकू आलं. वॉकीटॉकीतलं अक्षर नाही.

"पाह्यलं? आता तार लावू दे."

"नाही काकू. मशीन जळलं तं जत्रेत मी काय तोंडानं बोंबलू?"

त्या दिवशी आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी इंदुबाई पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही. वाद घालत नसत. दुकानातल्या स्टुलावर बसून गजानन दुरुस्ती करतो ते पाहत, त्याला सोल्डरची तार धरायला मदत करत, आणि उठताना म्हणत, "मंग? लावू का आज?" त्याची आई म्हणे घरी त्याला बोलली, की अरे, त्या बाईनं तुझ्या बापाचे शेवटचे ट्रंक कॉल जोडून दिले होते, आणि तू तिला एक तार जोडू देत नाहीस? खरं-खोटं माहीत नाही. पण एके दिवशी गजाननानं कपाटातून जुना, कोपरे तुटलेला मिक्सर काढला आणि म्हणाला, "ह्याच्यावर करा काय करायचं ते. हा जळला तं जळला."

स्कॅनरच्या इअरफोनच्या भोकातून तार काढून त्यानं ती मिक्सरच्या माइकच्या भोकात घातली. आवाज आला, पण फाटका. कुणी पत्र्यावर वाळू ओतावी तसा.

"माइकच्या भोकात नको," इंदुबाई म्हणाल्या. "माइकचा आवाज जलमतः बारका. त्याले मिक्सर मोठा करते. ह्याचा आवाज आधीच मोठा हाये. तुझ्यापाशी टेपचं भोक असन ना, त्यात घाल. आन् स्कॅनरचा आवाज कमी ठेव."

तसं केल्यावर शब्द स्वच्छ झाले. पण शब्दांच्या मागे एक भुंगा आला. भणभणभण, सारखा. रेखा दुकानामागच्या वावरातून बोलत होती आणि तिच्या तोंडाजवळ पोळं लागल्यासारखं वाटत होतं. स्कॅनरचा ॲडॉप्टर काढून सेल घातले, भुंगा तसाच. तार बदलली, तसाच. गजानन म्हणाला, "राहू द्या काकू. एवढं कोण ऐकते?"

इंदुबाईंनी डोळे मिटले. ऐकताना त्या अंगठा तर्जनीवर घासत, तसा घासत राहिल्या. "म्हाताऱ्या माणसाचा आवाज भुंग्याच्या खालीच असते," त्या म्हणाल्या. "मले भुंगा नको."

मग त्यांनी एकेक गोष्ट काढून पाहिली. शेवटी एरियलची तार स्कॅनरपासून सोडवली, आणि भुंगा थांबला. पण आवाजही थांबला; एरियलशिवाय यंत्र ऐकणार काय? एरियल होती दुकानाबाहेरच्या लोखंडी खांबाला बांधलेली, खांब जमिनीत. आणि मिक्सर विजेच्या तारेतून जमिनीला जोडलेला. दोन वाटांनी जमीन मिळाली की मधल्या तारेत वीज गरगरत बसते, असं त्यांनी मला समजावलं. मला अर्धं समजलं. त्यांना उपायही माहीत होता. जुन्या टेलिफोनात तांब्याच्या तारेचं एक गुंडाळं असतं. त्यात दोन वेगळ्या तारा शेजारी शेजारी गुंडाळलेल्या, एकमेकींना कुठंही न चिकटता. एकीतला आवाज दुसरीत उतरतो, पण तारेला तार लागत नाही.

"अशा गुंडाळ्या मी जलमभर पाह्यल्या," त्या म्हणाल्या. "आता एक पाह्यजे तं नाही."

चिखलीतल्या भंगारवाल्यांकडे आम्ही फिरलो. टेलिफोन आता भंगारातही राहिलेले नाहीत. एकाकडे नाही, दुसऱ्याकडे नाही, तिसऱ्यानं "बाई, ते तं कवाच वितळवले" म्हणून सांगितलं. उन्हानं माझं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, काकू, बाहेरून मागवू, मिळत असेल कुठंतरी तयार. त्या म्हणाल्या, "मागव. आन् तोपर्यंत आपण मेहकर फाट्यावरचं दुकान पाहून घेऊ." तिथं पत्र्याच्या शेडमागे, कुलरच्या सांगाड्यांखाली, काळ्या टेलिफोनांचं एक पोतं निघालं. इंदुबाई त्या पोत्यावरच बसल्या आणि पदर खोचून एकेक फोन उघडू लागल्या. बरेचसे गंजलेले. एक उघडल्यावर त्यांनी तो कानाशी हलवला, हसल्या, आणि माझ्या हातात ते गुंडाळं ठेवलं. सुपारीएवढं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की घाम होता, मी विचारलं नाही.

गुंडाळं मधे बसलं आणि भुंगा गेला. गजाननानं जुन्या मिक्सरवर ऐकलं, आवाज वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग लाल मखमलीचं झाकण काढून मोठा मिक्सर पुढे घेतला.

जत्रेच्या दिवशी मंडपात टेबलाशी इंदुबाई, शेजारी गजानन, मागे मी पाण्याचा माठ सांभाळायला. जत्रा कमिटीचे अध्यक्ष भास्करराव तासातासानं डोकावत. त्यांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता, पण इंदुबाई गावची लेक, तोंडावर कोण बोलणार? सकाळी दोनतीन मुलं सापडली, आपली नावं सांगून आईबापांना मिळाली. भास्करराव म्हणाले, "हे तं माइकवरूनही झालं असतं." इंदुबाई "हाव, झालं असतं" म्हणाल्या.

ऊन चढल्यावर एसटीच्या थांब्यावरून रेखाचा आवाज आला. "काकू, इथं एक आजी सापडली. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. कुठी चालली इचारलं तं गाय आणाले म्हणते. रस्त्यानं एकटीच चालली होती, मी धरून आणली."

नेहमीप्रमाणे माइकवरून वर्णन सांगितलं. हिरवं लुगडं, हातात काकणं नाहीत, कपाळावर गोंदण. कुणी आलं नाही. पुन्हा सांगितलं. रेखानं आजीला पाणी पाजलं, वॉकीटॉकी तिच्या तोंडाशी धरला. आजीनं तोंड फिरवलं. ती पुन्हा पुन्हा उठून रस्त्याकडे निघत होती आणि रेखाला तिला आवरणं जड जात होतं. भास्करराव आले. "इंदुबाई, पोलिसाच्या गाडीत बसवून ठाण्यावर पाठवून देऊ. तिथं पाहतीन."

"तिचं माणूस इथं जत्रेत हाये. ठाण्यावर नाही."

"कशावरून?"

"एवढी म्हातारी एकटी जत्रेले येते काय?" त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "रेखा, तिले नाव नको इचारू. गाईचं नाव इचार."

खरखर. मग रेखा: "काही बोलत नाही."

"बरं. तिले म्हण, गाय तिकडे वावरात चरून राह्यली. हाक मार म्हणा, येईन ती. आन् बटन दाबून धर. सोडू नको."

त्यांनी गजाननाकडे पाहून हात आडवा केला. गजाननानं देवीची गाणी बंद केली. जत्रेवर अचानक शांतता पसरली. पाळण्याचं करकरणं तेवढं ऐकू येत होतं. त्यानं मिक्सरवरची स्कॅनरच्या आवाजाची पट्टी हळूहळू वर सरकवली. आधी वारा ऐकू आला. मग श्वास. आणि मग सगळ्या कर्ण्यांतून, दुकानांवरून, देवळावरून, गाड्यांच्या वावरावरून, एक बारीक, थरथरता, पण लांब पोचणारा आवाज निघाला.

"चांदेऽऽ... ये गं माय... ये, ये... चांदेऽऽ..."

आणि शेवटी जिभेनं काढलेला टकटक असा आवाज, गुरांना बोलवताना काढतात तो. भुंगा असता तर तो टकटक कुणालाच ऐकू आला नसता.

माणसं जागच्या जागी थांबली. भास्कररावांनी टोपी काढून हातात घेतली. आजी पुन्हा हाक मारत होती. तिसऱ्या हाकेला देवळाच्या बाजूनं एक पन्नाशीचा माणूस अनवाणी धावत आला. वाटेत त्यानं नारळाचा ढीग उधळला होता. मंडपाच्या खांबाला धरून तो नुसता धापा टाकत होता.

"माय हाय ती. माझी माय हाय. कुठंय?"

"थांब्यावर. सुखरूप हाये," इंदुबाई म्हणाल्या. "पाणी पी."

"दर्शनाच्या रांगेत हात सुटला वो. सकाळपासून नुसता फिरायलो." तो रडायला लागला. "हिरवं लुगडं म्हणायले तेव्हा मला वाटलं दुसरीच कोणी. सकाळी निघताना माझ्या मायनं पिवळं नेसलं होतं. ते बदलून हिरवं कव्हा नेसली, माझ्या बायकोलाबी कळलं नाही. अन् चांदी कुठून आणू वो? मी शाळंत होतो तव्हाच मेली ती गाय."

गजानन उठला, त्याला मोटारसायकलवर मागे घेतलं आणि थांब्याकडे पळवली. पट्टी वरच होती. आजी हाक मारत होती, मधेच थांबत होती, रेखा तिला "आली आजी, येऊन राह्यली" म्हणत होती. मग मोटारसायकलचा आवाज. मग धावण्याचा. मग सगळ्या जत्रेला ऐकू आलं, "माय!"

आणि मग आजीचा आवाज, अगदी साधा, घरातला. "दिनकर, कुठं होतास रे? चांदी सापडली का?"

"सापडली माय. गोठ्यात बांधली. चल घरी."

"पाणी दावलं का तिला?"

त्याचं उत्तर आम्ही ऐकलं नाही. इंदुबाईंनी गजाननाच्या मिक्सरकडे हात नेला, त्याच्या परवानगीवाचून, आणि पट्टी शून्यावर आणली. स्कॅनरचाही आवाज मिटवला. जत्रेत कुठंकुठं लोक डोळे पुसत होते, त्यांना आणखी ऐकायचं होतं. भास्करराव म्हणाले, "काऊन बंद केलं, बाई?"

"जोडून दिलं," त्या म्हणाल्या. "आता ते त्यांचं." आणि मला म्हणाल्या, "वर्षा, मले पाणी दे. घसा सुकला."

इंदुबाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. पावसाळ्यात साधा ताप आला आणि त्यातच गेल्या. गल्लीतल्या बायका अजून त्यांच्याबद्दल बोलतात, पण त्यांनी कुणाबद्दल काही सांगितल्याचं कुणालाच आठवत नाही.

मी त्यांना शेवटचं चांगलं धडधाकट पाहिलं ते त्याच जत्रेत, पुढल्या वर्षी. टेबल रेखानं घेतलं होतं. गजानन तिला मोठ्या मिक्सरला बिनधास्त हात लावू देत होता, नव्हे, चुकली की रागावत होता. इंदुबाई मंडपात आल्या, उभ्या उभ्या थोडं ऐकलं, काही सुचवायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझं मनगट धरून बाहेर निघाल्या. लाउडस्पीकरवर कुणा मुलीचा रडवा आवाज येत होता. मी थबकले.

"काकू, पाहायचं का जाऊन?"

"त्या पाहतीन." त्या झपाझप चालत होत्या. "एक्सचेंजात होती तवा जत्रेच्या दिवशी हमेशा डबल ड्युटी. नंतर त्या टेबलापाशी. जलमभर ह्या जत्रेचा निस्ता आवाज ऐकला मी. चल."

आकाशपाळण्यापाशी येऊन त्यांनी दोन तिकिटं मागितली. मी सरळ नाही म्हटलं. मला खालूनच चक्कर येते. पाळणेवाल्यानं त्यांचं वय पाहून, "आजी, तुमी राहू द्या," म्हणून हात जोडले. इंदुबाई त्याचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तू मलकापूरकडचा ना बे? दांडी लाव."

त्यानं दांडी लावली. पाळणा करकरत उठला. त्या एकट्याच बसल्या होत्या, दोन्ही हातांनी दांडी धरून, ओठ घट्ट मिटून. पहिल्या फेरीला त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या फेरीला वर पोचल्यावर उघडले. वाऱ्यानं पदर डोक्यावरून पार मागे गेला होता, पांढरे केस मोकळे उडत होते, आणि त्या ते सावरायचंही सोडून, मान इकडे तिकडे वळवत, खालची माणसं बघत होत्या.